सूर्यनारायणाची जागा

त्या जागेवर कुणी बसत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रामनवमीचा दिवस. झाशीतलं आमचं मराठी मंडळींचं राममंदिर माणसांनी गच्च भरलेलं. ओसरीवर आम्ही बायका, अंगणात पुरुष, आणि समोर फेटा बांधून, हातात चिपळ्या घेऊन नाना उभे. नाना म्हणजे माझे वडील, दीनानाथबुवा. अंगणाच्या मधोमध, तुळशीच्या कट्ट्याला लागून सतरंजीचा एक तुकडा तेवढा रिकामा. आमच्याकडे तो दरवर्षी रिकामाच सोडतात. रामाचा जन्म बघायला त्या दिवशी सूर्य म्हणे आकाशात थांबून राहिला होता. मग त्याला बसायला जागा नको का? साडेअकरापर्यंत तिथे कडुनिंबाची गार सावली असते. नंतर ऊन हळूच येतं, बसतं, आणि पाळणा म्हणून होईपर्यंत हलत नाही.

तो आला उशिरा. पांढरा सदरा, घामेजलेलं कपाळ, चपला काढताना सुद्धा संकोच. सगळीकडे नजर फिरवली, त्याला ती रिकामी, सावलीतली, अगदी पुढची जागा दिसली... आणि चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू ती त्याच्यासाठीच राखून ठेवली होती!

"अगं अहिल्या, कोण गं हा?" कमळाकाकू पंख्याआडून पुटपुटल्या. "थेट सूर्यनारायणाच्या मांडीवर बसला की!"

"नवा दिसतोय. फॅक्टरीतला असेल, महाराष्ट्रातून आलेला. उठवू का?"

"आता? बुवा उभे राहिले. आता कोण उठतंय आणि कोण उठवतंय!"

खरंच होतं ते. नमन झालं की आमच्याकडे कुणी जागचं हलत नाही. कीर्तनातून उठणं म्हणजे देवाला पाठ दाखवणं.

पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, नानांनी उत्तररंग धरला. त्या दिवशी त्यांचा आवाज काही वेगळाच लागला होता. कौसल्यामाईच्या मनातलं बोलता बोलता ते इतके हळू बोलायला लागले की सगळं अंगण पुढे झुकलं. आणि नेमकं तेव्हाच ऊन आलं. त्याच्या गुडघ्यावर... मग खांद्यावर... मग वाकवलेल्या मानेवर. तो हलला नाही. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटणारे. मी त्वचेची डॉक्टर. चैत्रातलं झाशीचं बाराचं ऊन मानेचं काय करतं, ते मी रोज बघते. नजर नानांवर ठेवायची होती, पण पुन्हा पुन्हा त्या मानेवरच जात होती.

कुणीतरी हात ठेवा रे तिच्यावर... एवढंच मनात आलं.

आणि वारा पडला. चिपळ्या थांबल्या. मांडीवर ठेवलेला माझा उजवा हात एकदम गरम झाला, इतका, की मी दचकून खाली बघितलं. तो सावलीतच होता.

पाळणा झाला, सुंठवडा वाटला गेला. मी द्रोण घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

"मान भाजलीये तुमची. घरी गेल्यावर गार पाण्याची पट्टी ठेवा, पुन्हा पुन्हा. बर्फ लावायचा नाही. टूथपेस्ट नाही, हळद नाही, तेल तर अजिबात नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं, समजलं ना जी?"

त्याने सुंठवडा तोंडात टाकला, ठसका लागला, तरी हसलाच. "तुमचं मराठी या सुंठवड्यासारखं आहे. गोड गोड म्हणता म्हणता मधेच ठसका!"

"हमारे यहाँ ऐसा ही चलता है," मी म्हटलं. "दुखायला लागलं की इलाइट चौराह्यावर या. क्लिनिकवर पाटी आहे, डॉ. अहिल्या."

तो दुसऱ्या दिवशी आला. चैतन्य. मूळचा सांगलीचा, एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत, हल्ली चिरगाँवच्या पुढे विजेचं सबस्टेशन उभं करायच्या कामावर. त्याची मान बघून मी कपाळावर हात मारला. मानेवर पांढरा थर!

"टूथपेस्ट?"

"मी नाही हो लावली. शेजारी आमचे शशिकांतसर राहतात, त्यांनी धरून लावली. पुदिन्याची आहे."

"वास येतोच आहे."

मी ओल्या कापसाने हळूहळू थर पुसायला घेतला. खाली लालभडक कातडी. मी पुसत गेले, पण मधला एक पांढरा पट्टा काही जाईना. कापूस बदलला. पुन्हा पुसलं. मग माझा हात थांबला.

ती टूथपेस्ट नव्हती. ती त्याची न भाजलेली कातडी होती. चार बोटं, एक अंगठा, मधे तळवा. लाल मानेवर एक गोरा, स्वच्छ पंजा उमटलेला.

"तुमच्या... तुमच्या मागे कोण बसलं होतं?"

"मागे? मागे तुळशीचा कट्टा होता. का हो?"

मी फोनवर फोटो काढून दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून बघितला. 

"डॉक्टर," तो अगदी हळू म्हणाला, "मला त्या वेळी वाटलं होतं... कुणीतरी मानेवर हात ठेवलाय. मला वाटलं, भास."

"पताका बांधल्या होत्या ना वर. एखादीची सावली पडली असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. कारण त्या पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लहानपणी माझ्या करंगळीवर झांज पडली होती, तेव्हापासून ती तशीच वाकडी आहे.

मी कोरफडीचं जेल लिहून दिलं, फोड आला तर फोडायचा नाही म्हणून बजावलं, कातडी सुटायला लागली तर ओढायची नाही म्हणून दटावलं. दुखण्याची गोळी दिली. वर सनस्क्रीनची ट्यूब.

"घराबाहेर पडायच्या आधी वीस मिनिटं लावायची. कान, मान, हाताची मागची बाजू, सगळीकडे. घाम आला की पुन्हा, नाहीतर दर दोन तासांनी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोठ्या काठाची टोपी. आणि अकरा ते चार उन्हात उभं राहायचं नाही."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर मी रागावते."

"मग बघायला हवं एकदा," तो म्हणाला, आणि दारातून मागे वळून असा काही हसला की मी पुढच्या पेशंटचं नाव दोनदा चुकीचं पुकारलं.

संध्याकाळी हातमोजे काढले तेव्हा माझ्या उजव्या हाताची मागची बाजू लाल झाली होती. उन्हाने भाजल्यासारखी.

गोष्ट इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण चैतन्यने हनुमान जयंतीला देवळात येऊन ती मान नानांना दाखवली. कमळाकाकूंनी पंजाला बोट लावून डोळ्यांना लावलं. "सूर्याच्या जागेवर बसलास, आणि रामरायाने वरून हात धरला रे बाळा!" म्हणत त्या रडायलाच लागल्या. नानांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर मला म्हणाले, "अहिल्या, इतकी वर्षं त्याचं गातोय. या अक्षय्यतृतीयेला उत्तररंगात याचीच कथा लावतो बघ." नानांना इतकं आनंदात मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि चैतन्यने टोपी घालायचं सोडलं.

इकडचा वैशाख लागला, चैत्री पौर्णिमा झाली की धरतात तो. झाशीतली वैशाखातली दुपार म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. सीपरी बाजारातली दुकानं अर्धी मिटतात, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, किल्ल्याच्या खडकाकडे बघवत नाही. अशाच एका दुपारी मी एका आजींच्या पायावरचं गजकर्ण बघत होते, आणि मला तो आठवला. बस, आठवला. दुसऱ्याच क्षणी माझ्या रिकाम्या तळव्याखाली काहीतरी आलं. गरम, किंचित खरखरीत. दाढीचे खुंट. त्याच्या खाली एक नाडी उडत होती... माझी नव्हे.

मी हात झटकला. तो गाल तळव्याखालून गेला नाही.

"मैडमजी, का हो गओ?" आमची नर्स सुनीता धावत आली. "गरम तवा छू लओ का?" हाताच्या मागच्या बाजूला माझ्या डोळ्यांदेखत पाण्याचे फोड उठत होते.

दोन दिवसांनी तो आला. डाव्या गालावर पंजा. बाकीचा चेहरा भाजलेला, ओठ फुटलेले, डोळे लाल.

"क्रीम लावलं होतं?"

"उघडलीच नाही ट्यूब."

"टोपी?"

"वर एवढं छत्र धरलेलं असताना टोपी घालायची म्हणजे अविश्वास झाला ना, डॉक्टर?" तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. ते विश्वासाने भरले होते, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"पंजाएवढी जागा वाचतेय तुमची! बाकीचा माणूस भाजतोय, तो दिसत नाही? उन्हाचा झटका बसला तर माणूस जातो, चैतन्यजी. आधी डोकं दुखतं, मग बोलणं अडखळतं, मग घाम बंद होतो. पुढे कुणाचाच हात पोचत नाही."

"रागावलात?"

"हो!"

"छान दिसता," तो म्हणाला, आणि लगेच गंभीर झाला. "खरं सांगू? सांगलीहून इथे आलो तेव्हा फार एकटं वाटायचं. आता उन्हात उभा राहिलो की वाटतं, कुणीतरी आहे. मी मुद्दाम उभा राहतो."

मी टेबलाखाली माझा पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

काय करणार होते मी? सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. हा हात माझा आहे, तुम्ही मनात आलात की तो निघतो, आणि तुम्ही मनातून जातच नाही. हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि नाना? त्यांची कथा, त्यांचा रामराया? म्हणून मी त्याला मनात येऊच द्यायचं नाही असं ठरवलं. जपाला बसले. राम राम म्हणता म्हणता याचीच मान आठवायची. सावलीत बसून मी हाताला सनस्क्रीन लावलं, मोजे घातले, ओला टॉवेल गुंडाळला. कशाने काही झालं नाही. रोज बाराच्या सुमाराला हात माझ्यापासून निघून जायचा, आणि संध्याकाळी नवे फोड घेऊन परत यायचा.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला. 'आज बारा वाजता सबस्टेशन चालू करणार. लखनौहून साहेब येतायत. दुपारभर उघड्यावर. छत्र आहेच!'

मी सुनीताला क्लिनिक सांभाळायला सांगितलं, ओढणीने तोंड बांधलं, आणि कानपूर रस्त्याची बस धरली.

चिरगाँव येईपर्यंत बसमध्ये कुणी बोललं नाही. खिडक्यांवर ओले पंचे लटकत होते. लांब रस्त्यावर पाणी दिसायचं, जवळ गेलं की नसायचं. मोज्याच्या आत माझा हात तापायला लागला तेव्हा अजून अकरा सुद्धा वाजले नव्हते. तो आधीच तिथे पोचला होता. मी मागून जात होते, माझ्याच हाताच्या मागे.

कामाची जागा म्हणजे उजाड माळ. तारांचं कुंपण, लोखंडी सांगाडे, मधे राखाडी रंगाचा भला मोठा ट्रान्सफॉर्मर आणि कडेला एक पत्र्याची शेड. मजुरांनी सुद्धा डोक्याला गमछे गुंडाळले होते. मधोमध तो एकटा, उघड्या डोक्याने.

"चैतन्य!"

तो वळला, आणि शेडकडे येताना एकदा झोकांडला. "डॉक्टर? तुम्ही... इथे... कशा?" शब्द जड पडत होते. मी त्याला आत ओढलं, जमिनीवर बसवलं, शर्टाची बटणं सैल केली, मडक्यातल्या पाण्याने मान, काखा, कपाळ भिजवलं, पुठ्ठ्याने वारा घातला, घोट घोट पाणी पाजलं. हळूहळू त्याची नजर ठिकाणावर आली. आता सांगायचं नाही, तर कधी?

मी मोजा काढला. मग पट्टी.

तो बघत राहिला. फोड, त्यांच्याखालची लाली, सोललेली बोटं. डोक्यावरचा पत्रा उन्हाने तडतडत होता.

"हे... काय झालं?"

मी तळवा उचलून त्याच्या गालावर ठेवला. पंजावर पंजा बसला. वाकडी करंगळी सुद्धा.

"हा रामाचा हात नाही, चैतन्य."

"कधीपासून?"

"रामनवमीपासून."

"तुम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम असतं तर केव्हाच काढून घेतला असता."

"मग येतो कसा?"

मी मडक्याकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, कुठे कुठे बघितलं. "तुमची आठवण आली की."

"म्हणजे मी रोज तिथे मुद्दाम उभा राहत होतो, आणि तुम्ही..." त्याचा चेहरा कसनुसा झाला. "दुखतं?"

"खूप."

मग अगदी खालच्या आवाजात, "आणि आठवण... रोज यायची?"

"माझा हात भाजलाय आणि तुम्हाला हे सुचतंय?"

"नाही, नुसतं विचारून ठेवतोय." त्याने घाईघाईने खिशातून ट्यूब काढली, तीच, न उघडलेली.

"अहो, फोडांवर सनस्क्रीन नाही लावत!"

"मग?"

"काय सांगितलं होतं मी?"

"गार पाण्याची पट्टी. पुन्हा पुन्हा. बर्फ नाही." शाळेतल्या पोरासारखं म्हणत त्याने आपला धुतलेला रुमाल मडक्यात बुडवला, आणि माझ्या हातावर असा ठेवला की जणू समोर मूर्ती आहे.

"नानांना कसं सांगू?" माझ्या तोंडून निघून गेलं. "उद्या कथा आहे त्यांची."

"मी सांगतो. लावू देत उद्या कथा. रामाने एका मुलीचा हात उसना घेतला, आणि एका मूर्खाने तो भाजून काढला, अशी लावू देत." मग थांबून म्हणाला, "रागावतील?"

"रडतील आधी. मग कदाचित गातील."

दारात शशिकांतसर उभे राहिले, घामाने निथळत. "अरे चैतन्य, चला! साहेब गेटपर्यंत आलेत. बारा वाजलेत, स्विच तुलाच टाकायचाय."

तो सवयीने उठला आणि दारापर्यंत गेला. मी त्याला अडवलं नाही, शपथ घेऊन सांगते. पण ओल्या रुमालाखालून माझा हात आपोआप उचलला गेला. मांडीवरून वर, समोर, त्याच्या पाठोपाठ. रुमाल जमिनीवर पडला. मी डाव्या हाताने मनगट धरून खाली दाबत होते, आणि तो खाली येत नव्हता.

चैतन्यने ते बघितलं. उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"सर, चारनंतर चालू करू."

"वेड लागलंय का? लखनौहून आलेत ते!"

"त्यांनाही सावलीत बसवा. मजुरांना आत घ्या. ऊन उतरलं की मी सगळं करतो, पूर्ण बाह्या आणि क्रीम लावून करतो."

"बदली करतील तुझी. कुठेतरी फेकतील!"

"करू देत. आत्ता मी उन्हात जाणार नाही." तो जागचा हलला नाही. सर माझ्याकडे, माझ्या त्या अधांतरी हाताकडे बघून मागे सरकले, आणि साहेबांची समजूत घालायला निघून गेले.

हात माझ्या मांडीवर आला. आम्ही दोघंही शेजारी शेजारी बसलो.

"अहिल्या," त्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "झाशीतून फेकलं मला, तर येशील?"

"आधी नानांना विचारा."

"नानांचं मी बघतो. तू?"

मी मान हलवणार, तेवढ्यात त्याने माझा दंड धरला. "तिकडे बघ."

बाहेर, तो मघाशी जिथे उघड्या डोक्याने उभा होता, तिथे रखरखीत मातीवर एक सावली पडली होती. वर काही नव्हतं. ना पक्षी, ना तार. पंजाची सावली, करंगळी वाकडी. ती जागच्या जागी चाचपडत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. आणि माझा हात पुन्हा तापायला लागला होता.

"मी आहे इथे, हे तिला कळलं नाहीये," तो कुजबुजला.

मी बोटं मिटली. मातीवर बोटं मिटली. उघडली, तर तिकडेही उघडली. मी हाक मारली, मनातल्या मनात, पण ती काही येईना. भाजतच राहिली.

तेव्हा चैतन्यने ट्यूब उघडली, चेहऱ्याला, मानेला, हातांना क्रीम फासलं, बाह्या खाली ओढल्या. खिळ्यावर शशिकांतसरांची मोठ्या काठाची गवती टोपी होती. ती घेऊन तो उन्हात गेला. चार पावलं, हळू, घाबरलेल्या पाखराजवळ जावं तसा. गुडघ्यावर बसला. काहीतरी बोलला तिच्याशी, मला ऐकू आलं नाही.

मग त्याने ती टोपी मातीवर, त्या सावलीवर ठेवली.

माझ्या तळव्यातून गारवा वर चढत गेला. मनगटापर्यंत... कोपरापर्यंत... थेट आत.